पंधरा मिनिटं आणि चार उन्हं

सव्वापाचला उठतो. सव्वासहाला गाडीला किक. सातची पहिली पाळी आहे हिंगणा एमआयडीसीत आणि नागपूरच्या महाल भागातून तिथवर जायला सकाळच्या रिकाम्या रस्त्यावरही पस्तीस-चाळीस मिनिटं लागतातच. म्हणजे हातात एक तास. त्यात आंघोळ, दाढी, पोराला हाका मारणं, नाश्ता आणि दोन डबे. बायको बँकेत आहे, तिची धावपळ माझ्यानंतर तासाभराने सुरू होते, म्हणून सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. आठवड्यातून चार संध्याकाळी पळायला जातो, रविवारी सायकल. आणि या सगळ्यात मी व्हीगन आहे.

हे शेवटचं वाक्य नागपुरात बोललं की समोरचा क्षणभर थांबतो. मग विचारतो, "म्हणजे दूध पण नाही?" नाही. "दही?" नाही. "तूप तर चालत असेल?" नाही बाबा. मग तो माझ्याकडे असा पाहतो, जसा माणूस नुकताच नोकरी सुटलेल्या भाच्याकडे पाहतो.

मी काही विचार करून व्हीगन झालो नाही. आधी पोट बिघडलं. वर्षानुवर्षं दुधाचा चहा घेतला की गुडगुड, ताक घेतलं की ढेकर, आणि मी खापर फोडत होतो कॅन्टीनच्या तेलावर. डॉक्टरांनी एक महिना दूधदुभतं बंद करायला सांगितलं. महिन्याचे दोन महिने झाले, पोट शांत झालं. अंडी-मटण आधीच कमी होतं, तेही सुटलं. गाईचं वासरू, डेअरी, त्यामागचा व्यवहार याबद्दलचं वाचन आणि विश्वास नंतर आला, चपला शोधत शोधत. खोटं कशाला बोलू.

हा शब्द मात्र गमतीचा आहे. 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाचा एक सुतारकामाचा मास्तर आणि त्याचे मूठभर सोबती यांनी तो चालू केला. व्हेजिटेरियन या शब्दाची इंग्रजीतली पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं घेतली, मधली गाळली. डोकं ठेवलं, शेपूट ठेवलं, पोट काढून टाकलं. पहिल्या वर्षी माझीही नेमकी तीच अवस्था होती.

कारण पहिल्या वर्षी मी मोबाइलमध्ये पाहून जेवत होतो. बदामाचं दूध आणलं. किन्वा आणला, जो शिजवल्यावर आईने चिमटीत धरून पाहिला आणि "राजगिऱ्याचा भाऊ का रे हा?" असं विचारलं. धरमपेठेतल्या एका दुकानातून सोन्याच्या भावाचं अॅव्होकाडो आणलं, ते दोन दिवस दगड होतं आणि तिसऱ्या दिवशी चिखल. सगळ्या पाककृतींवर लिहिलेलं असायचं, पंधरा मिनिटांत तयार. त्या पंधरा मिनिटांत त्या वस्तू शोधायला लागलेला शनिवार धरलेला नसायचा.

त्याच वर्षी रामटेकची फजिती झाली. आम्ही चौघे सायकलवर निघालो, महालातून कामठी, कन्हान, मनसर, रामटेक. जायचं अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, काही मोठा पराक्रम नाही. मी आदल्या रात्री सॅलड खाल्लं होतं आणि सकाळी एक केळं व बदामाच्या दुधाचा काहीतरी थंड पदार्थ. कन्हानचा पूल ओलांडेपर्यंत मी सगळ्यांत पुढे. मनसरच्या अलीकडे मांड्यांतून कुणीतरी बूच काढल्यासारखं झालं. हात थरथरायला लागले, समोरचा ट्रक दोनदा दिसला, आणि मी रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून बसलो. सोबत्यांपैकी एकाने हसत विचारलं, "व्हीगन म्हणजे उपाशी का बे?"

समोर एक टपरी होती. पोह्यांची परात, बाजूला तर्रीचं पातेलं. पोहे, वर चण्याचा लालभडक रस्सा, कच्चा कांदा, लिंबू पिळलेलं. दोन प्लेटी खाल्ल्या. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, पण पंधरा-वीस मिनिटांत माणसात आलो. रामटेकचा गड चढलोसुद्धा. परत येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: त्या प्लेटीत दुधाचा थेंब नव्हता. पोहे, हरभरा, तेल, कांदा, लिंबू. ज्याच्यासाठी मी अॅव्होकाडोच्या मागे धावत होतो ते माझ्या गावात दर चौकात, भल्या पहाटेपासून, परातीत वाट पाहत होतं.

लिंबू तर फार शहाणपणाचं. हरभऱ्यातलं, पालेभाजीतलं लोह शरीराला सहजासहजी लागत नाही. सोबत क जीवनसत्त्व असलं तर ते जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबरच चहा घेतला तर उलट होतं. आपल्याकडे पोह्यांवर लिंबूही असतं आणि पोह्यांनंतर लगेच कटिंगही, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटतो. मी आता चहा तासभर लांबवतो. दुधाचा नाहीच, काळा, लिंबू घातलेला. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री आली की डब्यात एक संत्रं, फेब्रुवारीनंतर मृग बहाराचं.

रामटेकहून आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "इतके दिवस काय करून राहिला होता मग? चून करत जा ना."

चून म्हणजे आमच्याकडचं पिठलं. (पुण्याच्या मित्रांना चून म्हटलं की भिंतीचा चुना आठवतो, त्याला माझा इलाज नाही.) पहिले तीन-चार दिवस आई मागे उभी राहिली. कढईत तेल जरा मोकळ्या हाताने; दूध-तूप सोडलं म्हणून तेलाची कंजुषी केली की चून घशाला चिकटतं. मोहरी तडतडली की जिरं, ठेचलेला लसूण, मिरची, मग भरपूर कांदा. कांदा लाल करायचा नाही, नुसता मऊ. हळद, तिखट, मीठ, पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की डाव्या हाताने बेसन वैरायचं आणि उजव्या हाताने डावाची दांडी फिरवत राहायची. इथे माझं चुकायचं. मी वाटीतून बेसन एकदम ओतायचो आणि गुठळ्या व्हायच्या. आई म्हणायची, "पाऊस पाडतात तसं पाड, बादली उपडी नको करू." बोटांच्या फटीतून बेसन पडलं पाहिजे आणि उकळी मोडता कामा नये. मग झाकण, मंद आच, दोन वाफा, वरून सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, हेही पुण्याच्या मित्रांसाठी. घड्याळ लावून मोजलं आहे, कांदा चिरण्यासकट बारा मिनिटं.

सोबत ज्वारीची भाकर. ती मला आजही आईसारखी गोल थापता येत नाही, पण फुगते. आता बेसनात शंभर ग्रॅमला साधारण बावीस ग्रॅम प्रथिनं. ज्वारीत दहाच्या आसपास. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो, तो हरभऱ्यात भरपूर. हरभऱ्यात जे कमी ते ज्वारीत. राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलेला आकडा आहे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम, म्हणजे माझ्या सत्तर किलोला अठ्ठावन्न ग्रॅम. पळणाऱ्याला त्याहून थोडं जास्त लागतं. चून-भाकरीने त्यातले वीस-बावीस एका जेवणात निघतात. शेतात कापूस वेचणाऱ्या माझ्या आजीला यातला एकही आकडा माहीत नव्हता, तिच्या फडक्यात मात्र हेच बांधलेलं असायचं, वर एक कांदा.

तेव्हापासून माझी सकाळ सुधारली. सोमवारी बरबटीची, म्हणजे चवळीची उसळ, रात्री भिजवलेली, कुकरच्या तीन शिट्या. मंगळवारी दाळभाजी, तुरीची डाळ आणि पालक एकाच कुकरात, वर लसणाची फोडणी. लग्नात पंगतीला वाढतात तीच, फक्त लग्नात तिला तासभर घोटतात. थंडीत गोळाभात. भिजवलेल्या हरभरा डाळीच्या भरड वाटणाचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातात सोडायचे, झाकण लावून आंघोळीला निघून जायचं. आल्यावर भात झालेला, गोळे वाफवलेले, वर तेलाची कडकडीत फोडणी. याहून कमी मेहनतीचं पूर्ण जेवण मला माहीत नाही. पळायला जाण्याच्या दिवशी सोयावड्या. कोरड्या सोयावडीत निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, शंभर ग्रॅमला बावन्न. गरम पाण्यात दहा मिनिटं, मग दोन्ही हातांनी घट्ट पिळायच्या, ते पाणी टाकून द्यायचं, नाही तर वास राहतो. ऑक्टोबरात विदर्भभर सोयाबीन निघतं. आपण त्याचं तेल काढतो आणि उरलेली बहुतेक पेंड कोंबड्यांना घालतो. सोयावडी त्याच तेल काढलेल्या सोयापिठाची. कोंबडीच्या आधी मी खातो, एवढाच फरक.

सगळंच साधलं असं नाही. वरणभातावरचं तूप जाणं हा मोठा आघात होता, आणि त्याला पर्याय आहे असं जे सांगतात ते वरणभात खात नसावेत. मी जवसाची चटणी घालतो. आमच्या लहानपणी घरात घाण्यावरचं जवसाचं तेल यायचं, चटणीवर कच्चं घ्यायचे. माशांत असतात म्हणून ज्या ओमेगा-तीनचं कौतुक होतं त्याचाच वनस्पतीतला प्रकार जवसात आहे. चटणी उत्तम लागते. तूप ती नाही.

दही तर दोनदा करून पाहिलं. फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, रात्रभर भिजवून, सालं काढून, वाटून, गाळून, उकळून, कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरचीची देठं. नागपूरच्या मे महिन्यात सकाळपर्यंत लागलंच. आईने चमचाभर खाल्लं आणि विचारात पडली. मग म्हणाली, "दही म्हणून नको सांगू कोणाला. फल्लीची चटणी नासली नाही म्हण, लोक खुश होतील." कढी मात्र त्या दह्याची बरी होते.

आणि एक गोळी. बी-बारा हे जीवनसत्त्व धान्य-भाज्यांतून मिळत नाही, कितीही मोड आणा, कितीही आंबवा. ते जिवाणू तयार करतात आणि माणसापर्यंत ते दूध-अंडी-मांसातून येतं. ते सगळं सोडलं की गोळी घ्यायची आणि अधूनमधून रक्त तपासायचं. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण नसली तर हातापायांना मुंग्या येण्यापर्यंत गोष्ट जाते. जे व्हीगन मित्र "आपल्या पूर्वजांना कुठे लागत होती गोळी" म्हणतात त्यांना मी सांगतो, पूर्वज ताक पीत होते.

तर असा मी, पंधरा मिनिटांत जेवण करणारा माणूस, दोन वर्षं मोठ्या रुबाबात होतो. कारखान्यात डब्याभोवती लोक जमायचे. सगळ्यांत जास्त मागणी मुगवड्यांच्या रश्शाला. कृती सांगायचो: डब्यातून दोन मुठी वड्या काढायच्या, तेलात गुलाबी परतायच्या, खलबत्त्यात एक-एक ठोका देऊन अर्धवट फोडायच्या म्हणजे आत रस्सा शिरतो. त्याच तेलात कांदा, लसूण, भेद्रं (म्हणजे टोमॅटो), तिखट, धणे-जिरे. पाणी, उकळी, वड्या, एक वांगं चिरून. पंधरा मिनिटं. मटणाच्या तोंडात मारेल असा रस्सा. आमच्या लाइनवरच्या एका पोराने घरी करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "साहेब, पण वड्या कुठून आणायच्या?"

मी म्हणालो, "डब्यातून."

बोललो आणि गप्प झालो. माझं कारखान्यातलं काम प्रेसवरचे डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बदलण्याचा वेळ कमी करणं हे आहे. आमच्या धंद्यात शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरचं नाव देवासारखं घेतात. 1969 साली टोयोटात हजार टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत होते. त्याने तो वेळ आधी दीड तासावर आणि शेवटी तीन मिनिटांवर आणला. युक्ती अशी की मशीन बंद करून करायची कामं वेगळी काढायची आणि मशीन चालू असतानाच आधी करून ठेवता येतील ती वेगळी. डाय आधीच आणून ठेवा, बोल्ट आधीच मोजून ठेवा. मग मशीन थांबतं फक्त तीन मिनिटं. फळ्यावर तीनच लिहितात. आधी डाय ओढत आणणाऱ्या हेल्परचा वेळ कुठे गेला, हे विचारायची पद्धत नाही, कारण मशीन तर चालू होतं. मीसुद्धा हे फळे भरले आहेत, त्याबद्दल बक्षिसं घेतली आहेत.

आणि घरी माझा फळा म्हणत होता, पंधरा मिनिटं. मुगवड्यांचा डबा, जवसाच्या चटणीची बरणी, भाजून कुटलेला काळा मसाला, धापोडे (आमच्याकडचे पापड), निवडून ऊन दिलेली तूर. हे सगळं कोणीतरी मशीन चालू असताना करून ठेवलं होतं. ते कोणीतरी त्र्याहत्तर वर्षांचं आहे आणि त्याचे गुडघे गेले आहेत.

यंदा एप्रिलमध्ये मी आईला म्हणालो, वड्या मी घालतो, तू फक्त सांग. डॉक्टरांनी तिला जिना बंद केला आहे आणि आमच्या जुन्या घराच्या गच्चीला एकोणीस पायऱ्या आहेत, उंच, विषम. शनिवारी रात्री दोन किलो मूगडाळ भिजवली. रविवारी सायकल राहिली. सकाळी डाळ उपसून मिरची, आलं, जिरं घालून वाटली. मिक्सरमध्ये बारीक होत होती म्हणून आईने थांबवलं, "कणी राहू दे थोडी, नाही तर दगड होतील." सांबार बारीक चिरून मिसळला. बाजेवर तिची जुनी सुती साडी ताणून बांधली आणि सात वाजता गच्चीवर बसलो.

बोटांच्या टोकांनी पीठ उचलायचं, अंगठ्याने ढकलायचं, सुपारीएवढी वडी. पहिल्या ओळीला मजा वाटली. दुसऱ्या ओळीला पाठ बोलायला लागली. आई खालून जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, "झाल्या का?" मी फोटो काढून खाली नेऊन दाखवला. तिने चष्मा वर केला. "ह्या वड्या आहेत का लाडू? आतून ओल्या राहतील, बुरशी धरतील." परत वर. लहान घालायला लागलो. साडेनऊला मानेवर ऊन बसलं. ज्या शहरात 2013 च्या 23 मे रोजी 47.9 अंश नोंदले गेले तिथलं एप्रिलचं ऊनही काही सौम्य नसतं. संपलं तेव्हा साडेदहा वाजले होते. शनिवारचं निवडणं-धुणं आणि सकाळचं वाटण धरून माझे पाच तास गेले होते. आई दरवर्षी पाच किलोच्या घालायची. शिवाय धापोडे. शिवाय कुरडया, ज्या मला आवडत नाहीत म्हणून मी कधी मोजल्याच नाहीत.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"चार उन्हं दाखवावी लागतात. दुसऱ्या उन्हाला उलट्या करायच्या."

सोमवारी पहाटे मी बाजेवरच्या वड्या उलट्या करून पाळीवर गेलो. मोबाइल शॉपफ्लोअरवर नेता येत नाही, लॉकरमध्ये असतो. तीनला बाहेर आलो तर अंबाझरीच्या बाजूने सगळं आकाश काळं, आणि घराकडून चार मिस्ड कॉल. अवकाळी. परत लावला तर कोणी उचलेना. बायको बँकेत, पोरगं शाळेत. गाडी काढली. सुभाषनगरला थेंब सुरू झाले, पुढे धो धो. मी मेट्रोच्या पुलाखाली थांबलोसुद्धा नाही. डोळ्यांसमोर ती साडी, तिच्यावरची दोन किलो डाळ, लगदा झालेली.

घरी पोचलो आणि बूट घालूनच जिना चढलो. गच्चीवर बाज उघडी, दोऱ्या ओल्या, साडी नाही.

खाली आलो. मधल्या खोलीत जेवणाच्या टेबलावर साडी पसरलेली, तिच्यावर वड्या, कोरड्या, वर पंखा पूर्ण वेगात. आई पलंगावर, दोन्ही पाय उशीवर, खोलीभर बामचा वास. पदर आणि केस ओले होते. एकोणीस पायऱ्या चढताना तिने किती वेळा थांबून श्वास घेतला, दोन किलोचं ते गाठोडं घेऊन उतरताना भिंत कशी धरली, काही सांगितलं नाही. मी ओरडलो, "कशाला चढली तू? गेल्या असत्या वड्या तर गेल्या असत्या."

"चार वेळा फोन केला तुला," ती म्हणाली. मग गुडघा दाबत टेबलाकडे पाहिलं. "दीड ऊन झालं. अडीच राहिली अजून. उद्या जाशील तेव्हा टाकून जा, अन् एकमेकींना चिकटवू नको."

मी एक वडी उचलून दाबून पाहिली. वरून टणक, आतून अजून ओली होती.